रागावणार नाही

आरोग्य खात्याच्या पोस्टरवरचं शेवटचं वाक्य तिने साहेबांशी भांडून ठेवलं होतं. वर गुलाबी गोळीचा फोटो, गोळीवर घुबडाचा छाप. खाली मजकूर: 'नाचायची गोळी म्हणून विकतात, आत निघतंय भलतंच. झोप लागते आणि श्वासच बंद पडतो. जवळ असेल तर फोन करा. नाव विचारणार नाही. रागावणार नाही.'

"सरकारी खातं कधी रागावतं का?" साहेब म्हणाले होते.

"साहेब, तुमच्या केबिनमध्ये यायच्या आधी शिपाईसुद्धा दाराला कान लावून अंदाज घेतो."

वाक्य राहिलं.

आज फोनवर बसणाऱ्या बाईंची दाढ सुजली, म्हणून त्या खुर्चीत तिलाच बसावं लागलं. एकाने नळाला गढूळ पाणी येतं म्हणून तिला झापलं. एका आजोबांनी घुबडाऐवजी पोपट का नाही काढला, असं विचारलं.

मग एक मुद्दाम काढलेला घोगरा आवाज आला. "मॅडम, माझ्या एका मित्राकडे ती गोळी आहे."

आणि त्या आवाजामागे एक रबरी बदक वाजलं.

तिच्या लेकीचं, चिमीचं बदक! जंतू मरावेत म्हणून तिने ते इतक्यांदा उकळलं होतं, की त्याची शिट्टी जाऊन ते दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं. असं बदक जगात एकच होतं. म्हणजे हा घोगरा तिचा धाकटा दीर टिल्लू. कॉलेजला सुट्टी होती, म्हणून आज चिमी त्याच्यावर सोपवलेली. आणि चिमी म्हणजे, सापडेल ते आधी तोंडात घालणार, मग काय आहे ते बघणार.

तिच्या जिभेवर 'अरे गाढवा' येऊन उभं राहिलं. पण ओरडलं की हा फोन ठेवणार आणि गोळी कुठेतरी सरकवून देणार. परवा कप फुटला तेव्हा पठ्ठ्याने तुकडे सोफ्याखाली ढकलले होते.

आवाज ओळखू येऊ नये म्हणून तिने नाक चिमटीत धरलं. "गोळी आत्ता कुठे आहे?"

"टीपॉयवर. फोटोशी ताडून बघत होतो... होता. मित्र."

"शेजारी लहान मूल आहे ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज येतोय! आधी मूल उचला. तोंडात काही आहे का बघा."

"मित्राला सांगतो," तो म्हणाला, आणि लगेच चिमीची किंकाळी फोनला चिकटली. पाठोपाठ त्याचीही.

"काय आहे तोंडात?"

"माझं बोट."

"आणि गोळी?"

"समोरच आहे. एकच होती. अख्खी आहे."

आता कुठे तिच्या जिवात जीव आला. "झाकणाच्या बरणीत ठेवा. घट्ट. बरणी सगळ्यात वरच्या फळीवर. मग हात धुवा, साबण लावून. टीपॉय पुसा. फडकं धुवा. परत हात धुवा."

"मॅडम, तुम्ही सेम माझ्या वहिनीसारख्या बोलता."

नाकावरची चिमटी सुटलीच. "मित्राने... आधी कधी खाल्ली नाही ना?"

"नाही हो. उद्याच्या पार्टीसाठी आणली होती. सकाळी दूध आणायला गेला, तिथे पोस्टर दिसलं आणि हातपायच गार पडले त्याचे. मॅडम, घरी कळलं तर वहिनी मला सोलून काढेल. म्हणजे मित्राला."

"आम्ही नाव विचारत नाही," ती दात आवळून म्हणाली. "बरणी ऑफिसात पोचवा."

संध्याकाळी ती धावतपळत घरी आली तेव्हा टीपॉय आरशासारखा चमकत होता. टिल्लूच्या बोटाला पट्टी. त्याने टेप गुंडाळलेली बरणी पुढे केली. "वहिनी, तुझ्या ऑफिसात देशील? एका मित्राचं आहे."

"कुठल्या मि—"

"नाव विचारणार नाही, असं लिहिलंय पोस्टरवर," तो भिंतीला पाठ लावून म्हणाला. "रागावणार नाही, असंही."

तिने बरणी पर्समध्ये टाकून चेन लावली आणि पर्स कपाटात कुलूपबंद केली. चिमीचे पटापट मुके घेतले. मग बाथरूममध्ये गेली, नळ पूर्ण सोडला, टॉवेल तोंडावर दाबला आणि त्या टॉवेलला मनसोक्त शिव्या घातल्या.

बाहेर आली तर टिल्लू दारातच उभा. "चहा टाकू?"

"टाक. पण आधी हात—"

"धुतले. दोनदा. मॅडमनी सांगितलं होतं."