गोठ्याचा ढाळ

आमच्या महाळुंग्यात आता गुरं कमी आणि भाडेकरू जास्त. ज्याच्या त्याच्या गोठ्यात खोल्या निघाल्या. आमचा गोठा तेवढा रिकामा राहिला होता आणि तो माझ्या दिराच्या, सोपानरावांच्या डोळ्यात खुपत होता. त्यांना तिथं पत्र्याच्या खोल्या काढायच्या होत्या. माझ्या सुनेला, निशिगंधाला, तिथं लेथ मशीन बसवून स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. बारके लोखंडी पार्ट मापात आणायचे आणि कंपनीला द्यायचे. हेच काम ती कंपनीत करत होती, पण दुसऱ्याच्या छपराखाली.

दोघंही माझ्याकडं आले, कारण गोठा माझ्या नावावर आहे आणि माझी जीभ सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगून टाकलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत गोठा सुनेचा. तोवर कंपनीचा माणूस येऊन जागा बघून काम देऊन गेला, तर कायमचा तिचा. नाहीतर खोल्या. सोपानराव हसत हसत गेले. चैत्राच्या उन्हात त्या पत्र्याखाली सरडासुद्धा थांबत नाही, हे त्यांना माहीत होतं.

मी म्हणाले, मोठा पंखा लाव. निशिगंधा म्हणाली, पंख्यानं माणूस गार होतो, लोखंड होत नाही. लोखंड उन्हानं केसभर फुगलं तरी माप चुकतं. आमच्या गावात भाडेकरूंच्या डोक्यावर कुणी धड छत घालत नाही आणि ही लोखंडासाठी घालायला निघाली होती. मला आवडलं ते. पण सुनेला लगेच सांगितलं की ती चढून बसते, म्हणून गप्प राहिले.

चाकणच्या कंपन्यांत मशिनी येतात त्या लाकडी पेट्यांतून. त्या पेट्या मग भंगारवाल्याकडं पडून असतात. तिनं त्यांच्या फळ्या आणल्या, आत भरलेले फोमचे जाड तक्ते आणले. माझा मुलगा दिग्विजय शिडी धरून खाली, ती वर. आधी तिनं फोम पत्र्यालाच चिकटवला. दुपारी पत्रा तापला, चिकटवलेलं सुटलं आणि सगळं दिग्विजयच्या डोक्यावर आलं. मग पत्र्याखाली हातभर जागा सोडून तिनं फळ्यांचं छत केलं, फळ्यांवर फोम अंथरला, वरची गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना जाळ्या ठेवल्या. मावळतीच्या भिंतीलाही आतून तसंच अस्तर लावलं. भर दुपारी मी तांदूळ निवडायला आत जाऊन बसले. तांदूळ संपले तरी उठावंसं वाटेना.

उरली खालची जमीन. कोबा करायला लातूरकडचा गवंडी आला त्या दिवशी निशिगंधा शिफ्टला आणि राखणीला मी. जमीन सपाट कर, असं ती त्याला सांगून गेली होती. बघते तर तो खरंच सपाट करत होता. अंगण असो, न्हाणी असो, गोठा असो, सांडलेलं पाणी आपल्या पायानं बाहेर गेलं पाहिजे. सपाट जमीन करणाऱ्याला आमच्याकडं कुणी दुसऱ्यांदा बोलवत नाही. मी त्याला ढाळ द्यायला लावला, जुन्या नालीकडं, जिथं गुरांचं मूत जायचं. तो म्हणाला, आजी, ताईंनी वेगळं सांगितलंय. मी विचारलं, ताईची सासू कोण आहे? त्यानं मुकाट ढाळ दिला, आणि दिला तो सुरेख दिला.

कोबा वाळल्यावर निशिगंधानं बेअरिंगची एक गोळी जमिनीवर ठेवली. गोळी घरंगळली ती थेट नालीत.

“आत्या, हे कुणी सांगितलं?”

“मी.”

तिनं नालीतून गोळी उचलून पुसली. मशीन तिरकं बसलं तर माप मिळत नाही, हे मला दिग्विजयनं समजावलं. तेवढ्यात सोपानराव आले. सण तोंडावर आलाय, आता कोबा फोडणार कधी आणि करणार कधी, म्हणाले. खोल्यांच्या न्हाणीला मात्र हा ढाळ फक्कड आहे, वहिनींनी आमचंच काम केलं. ते मला झोंबलं.

“भावजी,” मी म्हणाले, “ढाळ माज्या सुनेच्या वर्कशॉपला दिलाय, तुमच्या न्हाणीला न्हाई. सणापर्यंत हिकडं पाय ठेवू नगा.”

ते गेल्यावर निशिगंधा जमिनीकडं बघत बसली. मग उठून म्हणाली, “आत्या, नळी धरता का?”

पाणी भरलेल्या नळीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दोन्हीकडचं पाणी जिथं थांबेल ती सारखी उंची. कोबा तिनं फोडलाच नाही. मशीनपुरती जागा टोचून खरबरीत केली आणि तिच्यावर भक्कम ओटा घातला, नालीच्या बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, माथा मात्र अगदी सपाट. माझे हात भरून आले, पण मी हलले नाही. हलले असते तर तिनं ऐकवलं असतं. माझ्या घरात राहून तेवढं ती शिकली आहे.

ओटा वाळला, त्याच्यावर मशीन बसलं आणि सणाच्या आदल्या दिवशी कंपनीचे निरंजनसाहेब आले, मुद्दाम टळटळीत दुपारी. आल्या आल्या त्यांनी रुमाल काढला, पण घाम पुसायची वेळ आली नाही. ओट्यावर बुडबुड्याची पट्टी ठेवून पातळी बघितली, मग मशीन चालवायला सांगितलं. लोखंड कापताना त्याच्यावर दुधासारखं पांढरं तेलपाणी पडतं. ते ओट्यावरून सांडलं, ढाळानं वाहत नालीत गेलं आणि निशिगंधानं नालीच्या तोंडाशी ठेवलेल्या डब्यात जमा झालं. तिच्या पायाखाली कोरडं. बाकीच्यांच्या शेडमध्ये म्हणे माणसं त्या चिकट पाण्यातच उभी असतात. साहेबांनी विचारलं, हा ढाळ कुणाला सुचला?

ती ‘मला’ म्हणाली असती तरी खपलं असतं.

“जमीन आमच्या आत्यांनी केली,” निशिगंधा म्हणाली. “मी नुसता ओटा घातला.”

साहेबांनी गाडीतून मापात आणायच्या पार्टची पेटी मागवली आणि ओट्यावर ठेवून गेले. सोपानराव फाटकाशी उभे राहून सगळं बघत होते. मी त्यांना आत बोलावलं. “बसा भावजी, गार हाय.” ते बसले, छताकडं बघितलं, आणि चहा होईपर्यंत खोल्यांचं नाव काढलं नाही. चहानंतरही काढलं नाही.

ती गोळी आता माझ्या कनवटीला असते. रहाटणीची विहीण येऊ दे नाहीतर आकुर्डीचा भाचा, मी आधी त्यांना गोठ्यात नेते. गोळी जमिनीवर ठेवते, ती पळत नालीकडं जाते. मग उचलून ओट्यावर ठेवते, ती जागची हलत नाही. बघणारे माझ्या तोंडाकडं बघतात. मी सांगते, पळते ती माझी जमीन, थांबते तो माझ्या सुनेचा ओटा. आता पाय पुसून आत या.