सालीसकट

कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला फिटरसुद्धा. नवे मोठे साहेब जेवायला येणार म्हणून काकूंनी वेगळं काही करायचं मनावर घेतलं. कणसांवरच्या साली त्यांनी आठवडाभर गच्चीवर वाळवल्या, सकाळी गरम पाण्यात भिजवून मऊ केल्या, त्यांत मक्याच्या पिठाचं तिखट सारण भरलं आणि पुड्या बांधून वाफवल्या.

साहेब जेवायला बसले तेच बोलत बोलत. ताटाकडे न बघता त्यांनी पुडी उचलली आणि सालीसकट कचकन चावा घेतला.

काकू सांगायला पुढे झाल्या आणि थबकल्या. सांगावं तर चारचौघांत साहेबांची शोभा, न सांगावं तर दातांची. त्यांनी आशेनं मॅनेजरकडे पाहिलं. त्यानं कालच चव बघायला म्हणून केलेल्या दोन पुड्या व्यवस्थित सोलून हादडल्या होत्या. मॅनेजरनं साहेबांकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं आणि न सोलता तोंडात कोंबली. मग हिशेबनीसानं. मग सगळ्या टेबलानं. पाच मिनिटं नुसतं रवंथ चाललं होतं.

"जरा चिवट आहे," साहेब म्हणाले.

"फायबर, सर," मॅनेजर कसाबसा बोलला.

शेजारच्या टेबलावर फिटर आपली पुडी निवांत सोलत होता. साल बाजूला ठेवत तो म्हणाला, "काकू, साहेबांना साली आवडलेल्या दिसतात. माझीही देऊ का?"

साहेबांनी त्याच्या ताटात पाहिलं. तोंडातून हळूच एक लांबलचक दोरा ओढून काढला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

तोंड भरलेल्या मॅनेजरनं जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. काकूंना मात्र राहवलं नाही. आठवडाभराची मेहनत त्या माणसानं गुरांच्या वैरणीत जमा केली होती.

"काल दोन सोलून खाल्ल्यात त्यांनी," त्या म्हणाल्या.

साहेब खो खो हसले आणि ताट घेऊन सरळ फिटरच्या शेजारी जाऊन बसले. त्यानं शिकवलं तसं सोलून त्यांनी आणखी चार पुड्या खाल्ल्या.

मॅनेजरनं घास गिळला. पोट धरून तो दोन दिवस घरी होता, आणि तेवढे दोन दिवस कारखाना सुरळीत चालला.