बादलीतलं टोक

एसीच्या पाण्याच्या पाइपाचं टोक बादलीच्या तळाला टेकलेलं, आणि त्याच्या तोंडाशी एकच बुडबुडा अडकून बसलेला – ना फुटतो, ना वर येतो. भिंतीवरची ओल बघायला आलेला एसीवाला बाल्कनीत उकिडवा बसून त्याच्याकडे बघत होता, आणि मागे उभे असलेले काका एसीवाल्याच्या चेहऱ्याकडे.

"काका, हे पाण्यात कुणी खुपसलं?"

आता काय सांगणार... की मीच? की दुपारी घरात दुसरा आवाज नसतो आणि ती टप, टप ऐकून डोकं उठतं, म्हणून? ही इथे होती तेव्हाही पाइप असाच ठिबकत असणार, पण तेव्हा हिचं शिलाई मशीन चालायचं, तोंड चालायचं, थेंबाची काय बिशाद होती. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली – दोन महिन्यांसाठी – त्याला आता वर्ष होईल. आणि एका दुपारी त्यांनी पाइप खाली ओढून टोक पाण्यात बुडवलं. आवाज बंद. कोण आनंद झाला होता तेव्हा.

"हवा कोंडते मग. पाणी मागे फिरतं, भिंतीत उतरतं."

जन्मभर इमारतींचे नकाशे काढले, सांडपाण्याच्या रेषा आखल्या, आणि घरात हे दिवे लावले. एसीवाल्याने पाइप कापून आखूड केला, फुंकून आतला गाळ काढला, टोक पाण्याच्या वर ठेवा आणि महिन्यातून एकदा आत तांब्याभर पाणी सोडून बघत जा, म्हणून बजावलं. चहा घेता का, विचारेपर्यंत तो चपला घालत होता.

त्या भिंतीला लागून हिचं कपाट. खालचा खण फुगून अडकला होता. दोन्ही हातांनी हिसडला तेव्हा कुबट वास आला. हिचे कपडे बेतायचे कागद – मुलीच्या पहिल्या फ्रॉकपासूनचे, प्रत्येकावर हिच्या अक्षरात छाती, कंबर, उंची – एकमेकांना चिकटून लगदा झालेले. त्यांनी एक सोडवू पाहिला, तो हातातच फाटला. आणि, खोटं कशाला बोलू, त्याच्या मागोमाग जरा बरंही वाटलं. आता येईल ती. फोनवर कडाडेल, मी पाठ फिरवली की हे असं, म्हणेल, आणि मिळेल त्या गाडीने येऊन, पदर खोचून, एकेक कागद सोडवत बसेल. मी मुकाट बोलणी खाईन. किती दिवसांत कुणी रागावलेलंच नाही...

त्यांनी फोन लावला. बादलीसकट सगळं कबूल केलं. पलीकडे नातू रडत होता.

"अहो, एवढंच ना?" आवाजात राग औषधालाही नव्हता. "टाकून द्या सगळे. खण पुसून तुमचं काहीतरी ठेवा त्यात. मला आता कुठे लागतायत ते?"

"आणि मशीन?"

"इथे घेतलं की नवीन. बोलले नव्हते का मी?"

नव्हती बोलली. "बरं," ते म्हणाले. जेवलात का, तिने विचारलं, हो, म्हणाले. जेवले नव्हते.

फोन ठेवून ते उघड्या खणासमोर फतकल मारून बसले. राग यायला हवा होता, तो येईना. ती तिकडचीच होऊन गेली होती, भांडण नाही, तंटा नाही, रोजची कामं करता करता... आणि मी इथे वर्षभर दर रविवारी तिची उशी उन्हात टाकत होतो. हे तिला सांगितलं असतं, तर हसली असती. उद्या रविवार. उशी बाहेर न्यायची की नाही, हे पहिल्यांदाच त्यांना ठरवावं लागणार होतं.