भाऊ असताना लॉजवर

“चौकाकडची खोली द्या. आतली नको,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली.

किल्ला बघायला येणारे लोक नेमकं उलटं मागतात. आमचं लॉज परंड्याच्या ऐन मध्यावर, म्हणून सगळ्यांना आतली शांत खोली हवी असते. मी बाईंचं आधार कार्ड पाहिलं. दैवशाला, राहणार ईट. मग माझी ट्यूब पेटली. या तर एसटीतल्या कंडक्टर, आणि चौकातल्या शिवशंकर भांडीवाल्याची थोरली बहीण! आज त्याच्या मुलीची हळद, उद्या लग्न.

“ताई, भाऊ गावात असताना लॉजवर?” मी विचारलं. “लोक काय म्हणतील त्यांना?”

“म्हणू द्या की! त्यानंच फोनवर सांगितलं, पाव्हणे गेल्यावर ये. आधी आलीस तर इचारतील, हिचा नवरा कुठंय?” किल्ली त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली. “मार खात नांदले असते तर मानाची आत्या. सोडून आले, तर तोंड लपवायचं. म्हेबूबभाई, म्या काय चोरी केलीय व्हय?”

आमच्याकडं भाऊ असताना बहिणीनं लॉजवर उतरणं म्हणजे भावाच्या तोंडाला काळं फासणं. बाईंना ते पुरेपूर ठाऊक होतं. म्हणूनच जरीची साडी नेसून त्या गॅलरीत उभ्या राहिल्या.

खालून जाणारा प्रत्येक जण मान वर करू लागला. भाजीवाल्या सिताबाईंनी तर डोक्यावरची पाटीच उतरवली. “अगं दैवशाला, तू हितं? आन् पोरीची हळद?”

“बोलावलं न्हाय मावशी!” गाडीच्या शेवटच्या सीटवर पोचणारा आवाज तो. सगळ्या चौकानं ऐकलं.

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. भांडीवाल्याचा ताठा आम्ही सगळ्यांनीच सोसलेला. पण पाणी द्यायला वर गेलो, तर बाई वाटीत हळद कालवत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. त्यांच्या घरात पहिली हळद आत्याच्या हातची.

“जल्मली तवा पयल्यांदा म्या घेतलं तिला,” त्या म्हणाल्या. “वर्षाराणी नाव बी म्याच ठिवलं.”

माझी मजा तिथंच संपली.

दुपारी वर्षाराणी स्वतः जिना चढून आली. हातात हिरवा चुडा, पायात घरातल्या सपाता. मागून धापा टाकत शिवशंकर.

“नवरदेवाची उष्टी हळद मांडवात येऊन बसलीय, आन् ही इकडं!” तो ओरडला.

पोरीनं बापाकडं पाहिलंही नाही. ती आत्यासमोर खुर्चीत बसली. “लाव आत्या. पयली तुझी, न्हायतर कुणाचीच न्हाय.”

आता बाईच कचरल्या. “हळद लागल्यावर पोरीनं बाहीर फिरू न्हाय ग. अपशकुन म्हणतील.”

“तू कवापासून लोकांचं ऐकाय लागलीस?”

बाई हसल्या आणि रडल्याही. त्यांनी तिचे दोन्ही गाल माखले. तशाच पिवळ्या तोंडानं वर्षाराणी भर चौकातून घरी गेली.

शिवशंकर मागे रेंगाळला. त्यानं बहिणीची पिशवी उचलली. “चल आक्का. दाजी ड्युटीवर अडकलेत म्हणून सांगू. कुणी काय इचारत न्हाय.”

“अडकलेत न्हाय. म्या सोडलंय त्याला. असं सांगशील?”

तो पिशवीचे बंद चाळवत राहिला. बाईंनी त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली. “मग जा. मांडवात खोळंबली असतील माणसं.”

दुसऱ्या दिवशी ऐन मुहूर्तावर मी वर गेलो. माझ्या बायकोनं, गुलबानोनं, कुंकू लावलेले तांदूळ पाठवले होते. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. बाई कालचीच साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन गॅलरीत उभ्या होत्या. मांडव इथून दिसत नाही. भोंग्यातून भटजींचा आवाज तेवढा येत होता.

त्यांनी ओंजळ भरून घेतली. मीही मूठभर घेतले. प्रत्येक ‘सावधान’ला आम्ही दोघं चौकावर अक्षता टाकत राहिलो. खालचे लोक आधी वर बघत होते. मग सिताबाईंनी चपला काढल्या आणि रस्त्यातच हात जोडून उभ्या राहिल्या.