पांढऱ्या साडीतला फोटो

“काका, साडी झकास आलीय. पण काकू कुठायत?”

खडकी बाजारातल्या आपल्या फोटोच्या दुकानात नियाजने स्क्रीन सुखदेवकडे वळवली. सुखदेवच्या मुलीच्या लग्नातला फोटो. हॉलची पांढरी भिंत, पांढरे पडदे, त्याच्या बायकोची, हिराची, पांढरीशुभ्र साडी आणि साडीच्या वर चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

“ती गेली रे. उद्या तिचं पुण्यानुमोदन आहे,” सुखदेव म्हणाला. “मोठा करून पाहिजे.”

नियाज ओशाळला. “माफ करा काका, मला माहीत नव्हतं. दुसरा एखादा फोटो?”

दुसरा नव्हता. तीस वर्षं या फोटोग्राफर सुखदेवने वस्तीतली लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका टिपल्या. जगाच्या बायका फोटोत आणि घरची मात्र चुलीपाशी! रिळाच्या कॅमेऱ्यावर तो उजेड नुसत्या डोळ्यांनी जोखायचा. पुढे डिजिटल आला, चष्म्याचा नंबर वाढला, तेव्हा कॅमेऱ्याची चकती ‘ऑटो’वर ठेवली ती तिथेच राहिली.

“अहो, माझं तोंड बघा किती काळं आलंय!” लग्नाचे फोटो बघताना हिरा म्हणाली होती.

“कॅमेरा आहे तो. असेल तेच दाखवणार,” सुखदेवने फटकन उत्तर दिलं होतं. पाहुणे हसले. हिराही हसली. पण त्यानंतर नऊ वर्षांत ती एकदाही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. कॅमेरा बाहेर निघाला की तिला गॅसवरचं दूध आठवायचं. आणि या शहाण्याला वाटलं, बाईला हौसच नाही!

“हे ऑटोचं काम, काका,” नियाज हळूच म्हणाला. “सगळीकडे पांढरंच दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. मग तो सगळंच अंधारं करतो. अशा वेळी एक्स्पोजर आपण अधिककडे न्यायचं. तुम्हाला मी काय सांगू म्हणा.”

खरंच, त्याला काय सांगायचं? रिळाच्या काळात हेच तो चार जणांना शिकवायचा. आपल्या बौद्धांत लग्नात पांढरं, मरणात पांढरं, हे यंत्राला माहीत नसेल. सुखदेवला तर होतं.

नियाजने फोटो उजळायला घेतला. काळोखातून आधी कपाळ आलं, मग नाकातली चमकी, मग ओठ. फोटो जरा भुरकट झाला, पण हिरा हसत होती, थेट सुखदेवकडे बघून.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, भन्तेजी गेले. आईचाच रंग घेतलेली मुलगी पूर्वा पांढऱ्या साडीत फोटोला हार नीट करत होती. सुखदेवने कॅमेरा काढला.

“पप्पा, माझा नको. आईसारखी काळी येते मी.”

“ते माझ्याकडे लागलं. उभी राहा.”

त्याने चष्मा पुसला. चकती ऑटोवरून हलवली, एक्स्पोजरची खूण एक घर अधिककडे सरकवली आणि बटण दाबलं.

“दाखवा ना,” पूर्वा म्हणाली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा चेहरा स्वच्छ आला होता, सावळा आणि टवटवीत. ती बघतच राहिली.

मग सुखदेवने तो पडदा हिराच्या फोटोसमोर धरला.

“तुझं बरोबर होतं गं, चूक माझ्या फोटोची होती,” तो म्हणाला आणि कितीतरी वेळ कॅमेरा तसाच धरून उभा राहिला.