कर्दळीच्या खड्ड्यातली बतुकम्मा

"पूजा आटपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. घर पेटलं तरी आधी देवाशी बोलायचं, मग गावाशी." सासूबाईंनी हे बजावलं तेव्हा सुगुणा नवी नवरी होती. सासूबाई गेल्या, नेम राहिला.

पहाटे तळ्यावरून पूजेचं पाणी आणायचं आणि त्याच फेरीत काळी-पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची. किती खोलवर दिसते ते बघायचं. जितकी खोल दिसेल तितकं पाणी निवळलेलं. महिला संघाने हे काम सुगुणावर सोपवलं होतं, कारण थंडी असो की ताप, तळ्यावर न चुकता जाणारी ती एकटीच.

दसऱ्याच्या पहाटे थाळी हातभर गेली नाही तोच दिसेनाशी झाली.

सुगुणाने ती वर ओढली, पुसली, पुन्हा सोडली. तेच. काल सांजेला तर ती समाधानाने झोपली होती. बायका थर लावून रचलेल्या फुलांच्या बतुकम्मांभोवती फेर धरून खेळल्या, गाणी झाली, आणि यंदा त्या तळ्यात सोडल्या नाहीत, एक पाकळी पडली नाही. त्यासाठी तिने सारा श्रावण-भाद्रपद घरोघर जीभ झिजवली होती. ती गुलाबी-जांभळी रंगवलेली गुनुगुची फुलं, तो खालचा थर्माकोल, पाण्यात काही नको गं बायांनो. शेतात पुरा.

मग हे काय?

गावाचं गटार तळ्याला मिळतं तिथे संघाच्या बायकांनीच खड्डा खणून कर्दळ लावली होती. सांडपाणी कर्दळीतून झिरपायचं, गाळ तिथेच राहायचा. सुगुणा काठाकाठाने तिथवर गेली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. अख्ख्या गावाच्या बतुकम्मा त्या खड्ड्यात होत्या. थर्माकोलवर थर्माकोल, त्यावर तंगेडूची पिवळी फुलं, त्यात खोचलेल्या उदबत्त्या. कर्दळ आडवी झाली होती, आणि तुंबलेलं गटार बांधावरून थेट तळ्यात चाललं होतं.

"बघितलंस ना अक्का?" मागून चंद्रव्वा आली, हातात खराटा, चेहरा आनंदाने फुललेला. "तळ्यात काडी नाही पडू दिली. लहान पोरींनासुद्धा दटावलं."

सुगुणाच्या तोंडात शब्द आले आणि दातांवर आपटून मागे गेले. तिने नुसता खड्ड्याकडे हात केला.

"हो, इथेच सोडल्या! माझीच युक्ती," चंद्रव्वा म्हणाली. "बघा, बाई आनंदाने मुकी झाली!"

सुगुणा घरी गेली. आयुष्यात इतक्या घाईने तिने आरती म्हटली नव्हती. मधेच एक कडवं गळालं, ते परत मागे जाऊन म्हटलं, देवीची क्षमा मागितली आणि तशीच उलटपावली खड्ड्यापाशी आली.

"चंद्रव्वा, शेतात पुरा म्हणाले होते ना मी?"

"बतुकम्मा म्हणजे आपली गौरम्मा, तिला मातीत पुरू? तू पुरशील? सासरी पाठवायची तर पाण्यातूनच जायला हवी तिला. आणि हा खड्डा घाण खातो, हे तूच तर सांगत होतीस."

"सांडपाण्यातली घाण खातो गं बाई! थर्माकोल नाही!"

"मग तसं नीट सांगायचं," चंद्रव्वा फणकारली. "तुझं सगळं अर्धं पोटात, अर्धं ओठात."

सुगुणा बोलणार होती, पण नरसिंगमचा तराफा काठाला लागला. तळ्यात मासळी पाळणारा तो. गेल्या साली त्याची सगळी मासळी पांढरी पोटं वर करून तरंगली होती. यंदा तो बीज सोडायला तयारच नव्हता. सुगुणाने पोचम्मा देवीच्या उंबऱ्यावर हात ठेवून सांगितलं, पिल्लं सोड, पाणी मी राखते. तेव्हा कुठे त्याने सोडली.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "पिल्लं वर येऊन तोंड वासतायत. गटाराच्या बाजूला. तिकडे पलीकडे बरी आहेत अजून."

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

सुगुणा सरपंचांकडे गेली; गावनात्याने ती त्यांची वहिनी. ते नवं धोतर सावरत होते. "वदिना, सणाच्या दिवशी जेसीबीवाला कुठला मिळायचा? परवा बघू. एका दिवसात तळं काय पळून जातंय?"

"तळं नाही जात. मासे जातात."

"आज जम्मीला, शमीच्या झाडाला पुजायला चला, पालपिट्टा पाखराचं शुभ दर्शन घ्या. सगळं ठीक होईल."

देवळापाशी बायका नव्या साड्या नेसून जमल्या होत्या. सुगुणाने विचारलं, कोण येतं? जम्मीची पूजा झाल्यावर, एक म्हणाली. जेवणं झाल्यावर, दुसरी. चंद्रव्वा दुसरीकडेच बघत राहिली. गटारात उतरलेल्या अंगाने जम्मीला हात कसा लावायचा, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. सुगुणाच्याही मनात तेच होतं. नवरात्राचा उपास अजून सुटायचा होता. न्हाऊन-माखून जम्मीची पानं आणायची, मगच तोंडात घास.

ढोल वाजला. मिरवणूक वेशीकडे वळली.

सुगुणाने नवी साडी घडी करून पेटीत ठेवली आणि जुनी विटकी नेसली. परसातला विळा आणि टोपली घेतली. खड्ड्याच्या काठावर चप्पल काढली, फुलांना हात जोडले, आणि पदर खोचून गटारात उतरली.