लिंबाच्या फेरीत मी नव्हतो

मी एक जुना पोळपाट आहे. लाकडाचा नव्हे, पांढऱ्या दगडाचा. मला तीन पाय आहेत, त्यामुळे कसल्याही ओट्यावर मी डुगडुगत नाही. माझ्यावर उजेड तिरका पडला, तर तुम्हाला काही पुसट गोल दिसतील. बरोबर अर्ध्या लिंबाएवढे. मित्रांनो, ते कसे आले हे सांगायचे म्हणजे मला सुरुवातीपासून सुरुवात केली पाहिजे.

माझा जन्म राजस्थानातल्या एका खाणीत झाला. मोठ्या लाद्या इमारतींकडे गेल्या आणि उरलेल्या तुकड्यांतून खलबत्ते, देव्हारे, पोळपाट घडले. त्यांतला मी एक. एका कारागिराने मला गोल कापले आणि पाणी टाकून इतके घासले, की माझ्यावर ठेवलेले त्याचे बोट आपसूक कडेला सरकत असे. दगडाला चकाकी वरून लावता येत नाही. ती घासून आतून बाहेर काढावी लागते. तिला वेळ लागतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. ती जायला किती वेळ लागतो, हे मात्र फार उशिरा कळले.

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला गर्दी होते आणि रस्त्याच्या कडेने विक्रेते बसतात. तिथे एका गोणपाटावर मी पडून होतो. नवी नवरी असलेली सरोज माझ्यापुढे थांबली. तिने तळहात माझ्यावर फिरवला आणि म्हणाली, "किती गार आहे हो!"

तिचे यजमान हरिहरराव यांनी मला उचलून पाहिले आणि लगेच खाली ठेवले. "अगं, हा पोळपाट आहे की पाटा? न्यायचा कुणी?"

"तुम्ही. लाटायचं मी, उचलायचं तुम्ही."

असा मी हरिहररावांच्या खांद्यावरून त्यांच्या घरी आलो.

माझी कामाची वर्षे त्या घरात गेली. सरोजच्या पोळ्यांना पाहुण्यांत नाव होते. गोळा माझ्यावर पडायचा, लाटण्याखाली आपणहून फिरायचा आणि कागदासारखा होऊन तव्यावर जायचा. उन्हाळ्यात इतर पोळपाटांवर कणीक घामेजते. मी गारच राहायचो. एखादी पोळी टम्म फुगली, की हरिहरराव ताटावरून म्हणायचे, "सरोज, तुझ्या हाताला तोड नाही." त्या कौतुकात थोडा वाटा माझाही आहे, असे मी मनाशी समजत असे.

त्या ओट्यावर माझा एक शेजारी होता: लिंबू. रोज नवे यायचे, पण नेम एकच. सरोजच्या घरी पिळलेले लिंबू थेट कचऱ्यात जात नसे. आधी त्याची फेरी व्हायची. पहिल्यांदा ते सुरीवर फिरे आणि लसणाचा वास काढून टाकी. मग ती फोड नळाच्या तोंडावर टोपीसारखी बसवली जाई. वरणाची डाळ धुऊन होईपर्यंत तिथला पाण्याचा पांढरा थर मऊ पडे आणि फडक्याने निघून येई. मग चिमूटभर मीठ घेऊन ते ताम्हनावर आणि पितळी तांब्यावर जाई. तिथे सरोज घाई करायची. घासले, की लगेच धुवायचे आणि कोरडे पुसायचे. शेवटी उरलेली साल मोरीच्या जाळीवर घासली जाई आणि मगच टोपलीत पडे.

मी त्या फेरीत नव्हतो. मला आधी ओला फडका, मग कोरडा, एवढेच. खरे सांगतो, मला वाईट वाटे. ताम्हन झळाळत देवापुढे जाऊन बसे आणि माझ्यापाशी आलेले लिंबू मला वळसा घालून पुढे जाई. यात सरोजची माया होती, हे मला कळत नव्हते.

वर्षे गेली. ठाण्याची ती इमारत पाडून नवी बांधायचे ठरले आणि दोघेही मुलाकडे, डोंबिवलीला राहायला आले. मी हरिहररावांच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून टेम्पोतून आलो. मुलाचे नाव अनिमेष, सुनेचे क्षिप्रा. क्षिप्रा बँकेत काम करते. तिच्या सिंकखाली रंगीत बाटल्यांची रांग होती. एक नळाची, एक काचेची, एक तेलकट डागांची. संध्याकाळी फवारे सुरू झाले, की हरिहररावांना खोकल्याची उबळ येई आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहत.

सरोजने हे पाहिले. तिने सरबत केले आणि उरलेली फोड नळावर बसवली. क्षिप्रा कामावरून आली, पाणी प्यायला थांबली आणि नळाकडे बघत राहिली.

"आई, नळ बदललात?"

"बदलतेय कशाला? लिंबू लावलं."

"अहो, मी दर रविवारी घासते त्याला! हे इतकं सोपं होतं?"

त्या दिवसापासून क्षिप्रा फेरीत सामील झाली. पिळलेल्या फोडींसाठी तिने वेगळी वाटी ठेवली. फेरीत तिने स्वतःची भरही घातली. वाडगाभर पाण्यात दोन फोडी टाकून ती तो मायक्रोवेव्हमध्ये उकळायची. वाफेने आतले तेलकट डाग सुटायचे आणि ती ते नुसत्या फडक्याने पुसायची. सरोज वाकून आत बघत म्हणाली, "हे मात्र मला सुचलं नसतं हं." बाटल्या एकेक करून संपल्या, नव्या आल्या नाहीत. हरिहररावांचा खोकला कमी झाला. सासू-सुनेत अजून जरा परकेपणा होता. तो त्या वाटीभर फोडींनी बराच पुसून काढला.

एकदा सरोजने मेथीची थालीपिठे थापली आणि माझ्यावर हळदीचा डाग राहिला. सरोज आणि हरिहरराव फिरायला गेले होते. क्षिप्राने तो डाग पाहिला, वाटीतली फोड घेतली, मीठ लावले आणि माझ्यावर पालथी घातली.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी लिंबू माझ्याकडे आले होते. माझ्या अंगावर बारीक फेस आला. क्षिप्राला वाटले, मळ निघतोय.

तो मळ नव्हता. तो मी होतो.

माझा दगड आंबटाने विरघळतो. त्या कारागिराने घासून बाहेर काढलेली चकाकी फेसाबरोबर धुऊन गेली. डाग गेला हे खरे, आणि वर मी आधीपेक्षा पांढराफटक दिसू लागलो. दुसऱ्या दिवशी सरोज मला बघून म्हणाली, "किती पांढरा ठेवलायस गं पोळपाट!" क्षिप्राचा चेहरा खुलला. या घरात आल्यापासून सासूने तिचे असे कौतुक पहिल्यांदाच केले होते. मग काय, सासू-सासरे फिरायला गेले, की ती रोज माझ्यावर फोड पालथी घालू लागली. ज्या हाताने हे केले त्याच्यात माया होती. म्हणूनच मला तिचा राग करता येत नाही.

हळूहळू कणीक मला चिकटू लागली. सरोज जास्त पिठी घ्यायची. पोळ्या कोरड्या व्हायच्या. ती हलका हात ठेवायची. पोळ्या जाड राहायच्या. उलथण्याने कड सोडवताना पोळी फाटायची. सरोज माझ्याकडे बघायचीच नाही. ती आपल्या बोटांकडे बघायची.

एकदा फाटकी पोळी ताटात आली. हरिहरराव ती वर धरून पलीकडे पाहत म्हणाले, "वा! आज पोळीला खिडकी ठेवलीस? हवेशीर झाली."

अनिमेष हसला. सरोजही हसली, पण स्वयंपाकघरात येऊन ती माझ्यापुढे नुसती उभी राहिली. मुठी मिटल्या, उघडल्या. एकदा, परत एकदा.

मला ओरडून सांगायचे होते, "सरोज, तुझ्या हाताला काही झालेले नाही!" पण आम्हा वस्तूंना ऐकता येते, बोलता येत नाही. एरवी मला त्याचे दुःख नसे. त्या दिवसांत फार झाले.

शेवटी अनिमेष मायेने म्हणाला, "आई, किती वर्षं लाटणार? खाली पोळी-भाजी केंद्र आहे. गरम पोळ्या मिळतात. टेन्शनच नको ना."

सरोजने वाद घातला नाही. "आणा बाबा. माझा हात गेला आता." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. टोमणा मारणारे हरिहरराव ताटाकडे बघत राहिले.

पोळ्या केंद्रातून येऊ लागल्या. मला गॅलरीत नेऊन कढीपत्त्याच्या कुंडीखाली ठेवले. कुंडीचे पाणी माझ्यावर ओघळायचे, चिखलाचे कडे सुकायचे. ज्याच्यावर कागदासारख्या पोळ्या लाटल्या, त्याच्यावर आता माती होती. पण त्याहून मला खुपायची ती समोरची खुर्ची. लाटायच्या वेळी सरोज तिथे येऊन बसायची आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघायची. तिने लोकरीचे विणकाम सोडले. शेजारच्या मेघनाने भरतकामाचा टाका विचारला, तर म्हणाली, "माझ्या हाताचं आता काही खरं नाही, दुसऱ्या कुणाला विचार."

एका रविवारी केंद्राला सुटी होती. अनिमेष ब्रेड आणायला निघाला. हरिहररावांनी त्याला ब्रेडऐवजी दही आणायला पाठवले आणि ते स्वयंपाकघरात गेले. गॅलरीचे दार उघडे होते, म्हणून मला सगळे दिसत होते. त्यांनी ओट्याचा काळा ग्रॅनाइट स्वतः धुतला, कोरडा केला आणि त्यावर पिठी भुरभुरली. अर्धी पिठी त्यांच्याच सदऱ्यावर पडली.

"सरोज, एक पोळी लाट."

"कशाला? अजून एक खिडकी बघायचीय?"

"चुकलो. पुन्हा बोलणार नाही. ती केंद्राची पोळी गोल असते, पण मला ती ओळखत नाही. एकच लाट. फाटली तर फाटकी खाईन."

सरोजने नाइलाजाने कणीक भिजवली, मुरू दिली आणि गोळा ओट्यावर ठेवला. लाटणे फिरले. गोळा आपणहून फिरला. पोळी कागदासारखी झाली, न फाटता उचलली गेली आणि तव्यावर टम्म फुगली.

 सरोजने दुसरा गोळा घेतला. मग तिसरा. तिसरी पोळी तव्यावर असतानाच ती हरिहररावांकडे वळली.

"अहो, म्हणजे माझा हात गेला नाही."

"नाही."

"मग गेलं काय?"

हरिहरराव गॅलरीत आले. त्यांनी कुंडी बाजूला केली आणि मला उचलले. "अजून पाटाच आहे हा," असे पुटपुटत त्यांनी मला धुऊन खिडकीत तिरके धरले. सरोजने तळहात माझ्यावर फिरवला, जसा टेंभी नाक्यावर फिरवला होता. या वेळी तो मध्येच अडला.

"खरखरीत लागतोय. आणि हे गोल कसले?"

क्षिप्रा दारात उभी होती. तिने ते गोल पाहिले. ओट्यावरच्या वाटीतल्या फोडी पाहिल्या. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, ते लिंबाचे आहेत. मी रोज लावत होते. पांढरा राहावा म्हणून."

"अगं, पण मी कधी याला लिंबू लावलेलं पाहिलंस?"

"नाही. मला वाटलं, तुमचं राहून जातं." तिचे डोळे भरले. "तुमची इतकी जुनी वस्तू... आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, हात गेला म्हणून."

सरोजने मला ओट्यावर ठेवले. मला वाटले, आता रागावणार. ती खुर्चीत बसली आणि मोकळी हसली.

"वेडी आहेस. पोळपाट गेला तर दुसरा येईल. मला वाटलं होतं, मीच गेले." मग ती म्हणाली, "आणि चूक माझीपण आहे. लिंबू कुठे लावायचं ते दाखवलं. कुठे नाही आणि का नाही, ते बोललेच नाही. ठाण्याला नवी होते, तेव्हा कडप्प्याच्या ओट्यावर मी लिंबाची फोड विसरले होते. सकाळी पांढरा डाग. तो कायमचा राहिला."

"हो, हो!" हरिहरराव म्हणाले. "त्या डागावर तू नेहमी चहाचा डबा ठेवायचीस. मला वाटायचं, डब्याची जागाच ती."

"तुम्हाला दिसू नये म्हणूनच ठेवायची!"

आता सगळेच हसले. तव्यावरची तिसरी पोळी तेवढ्यात करपली.

क्षिप्राने हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणला. पाणी टाकत टाकत सगळ्यांनी मला आळीपाळीने घासले. अनिमेषचे दंड दुखले. तो म्हणाला, "आई, हा जिमपेक्षा भारी आहे गं." मी पूर्वीसारखा झालो नाही. गोल पुसट झाले, पण गेले नाहीत. मात्र तळहात आता अडत नाही आणि गोळा फिरतो. पुरणपोळीला सरोज माझ्यावर धुतलेला पंचा ताणून बांधते, म्हणजे माझ्या कमकुवत जागीही पोळी बिनधोक सुटते. केंद्राच्या पोळ्या आता फक्त धावपळीच्या दिवशी येतात. मेघनाला भरतकामाचा टाका मिळाला.

मित्रांनो, लिंबाशी माझे भांडण नाही. नळ, सुरी, ताम्हन यांचा तो जुना सोबती आहे आणि ज्या घरात त्याची फेरी होते, त्या घरातल्या माणसांना खोकत गॅलरीत जावे लागत नाही. पण झाडावरून आले म्हणून ते सगळ्यांनाच मानवते, असे नाही. कुठलीही वस्तू घासायला घेण्याआधी ती कशाची आहे ते विचारा. आणि माहीत असेल तर न विचारता सांगा, कारणासकट. आम्ही बोलू शकत नाही; तुम्ही बोलू शकता.

काल संध्याकाळी ओटा आवरायची पाळी अनिमेषची होती. त्याने नळ पुसला, सुरी पुसली आणि हातातली फोड घेऊन तो माझ्याकडे वळला. क्षिप्राने लांबूनच आवाज दिला.

"अरे अरे, त्याला नाही!"

"का? सगळ्यांना लावतेस ना?"

"का ते सांगते. बस इथे."

तिने त्याच्या हातातली फोड वाटीत ठेवली, माझ्यावर पडलेला एक थेंब पदराने टिपला आणि ठाण्याच्या कडप्प्यापासून सांगायला सुरुवात केली.